शेंगदाण्यापासून पंधरा हात

बांधकाम पुरं झालं की साइटच्या कोपऱ्यात अर्ध्या-पाऊण विटा उरतात. भिंतीत बसत नाहीत म्हणून लावता येत नाहीत, चांगल्या असतात म्हणून टाकवत नाहीत. ढीग होत राहतो. चाळीस वर्षं लातूर-नांदेडात गवंडीकाम केलं, त्यात आमच्या टोळीच्या किश्श्यांचाही असाच ढीग झाला. मुलगी म्हणाली, "बाबा, लिहून काढा." मी चौथी शिकलेला माणूस. लिहितो तसं वाचा. चुका काढायच्या असतील तर माझ्या भिंतीत काढा. सापडणार नाहीत!

आधी मुद्दा सांगतो. मला शेंगदाणा चालत नाही. आवडत नाही असं नव्हे. एक दाणा पोटात गेला तर ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, गळा आवळतो, श्वास अडकतो. लहानपणी दोनदा मरता मरता वाचलो. आईने अंगारे लावले, देवऋषी केला, आणि शेवटी स्वतःच शहाणी होऊन घरात शेंग बंद केली. रोगाचं नाव तिला ठाऊक नव्हतं. औषध मात्र बरोबर सापडलं होतं.

घरात बंद झाली. मराठवाड्यात कशी बंद होणार? वांग्यात कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट. माणूस एकवेळ मीठ विसरेल, कूट विसरणार नाही.

आमच्या धंद्यात दुपारचं जेवण एकत्र असतं. फळ्या आडव्या टाकायच्या, सगळ्यांची फडकी मधे सोडायची, ज्याला जे पाहिजे ते त्याने उचलायचं. माझी भाकरी, तुझी चटणी. असा जो बसला तो टोळीचा. मी पंधरा हात लांब, पाठ करून, एकटा जेवायचो. मला तिथं मधे बसायचं होतं. एवढीच गोष्ट होती. पण सांगितली नाही. दुखणं सांगत फिरणाऱ्या माणसाला मिस्त्री कोण म्हणेल, असं मला वाटायचं.

* * *

सुदाम अहमदपूरचा. बौद्ध समाजाचा. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण प्लास्टरला हात माझ्याहून साफ. हे त्याच्या तोंडावर मी कधी बोललो नाही.

टोळीत आला त्या पहिल्याच दुपारी भाकरीवर चटणी ठेवून तो माझ्याकडे आला.

"घ्या मिस्त्री. आईच्या हातची हाय."

"नको."

"जराशी तरी घ्या."

"नको म्हटलं ना!"

त्याने भाकरी मागे घेतली. माझं आडनाव त्याला ठाऊक होतं, त्याचं मला.

"आमच्या हातचं चालत न्हाई व्हय, मिस्त्री?"

इथं मी एक वाक्य बोलायला हवं होतं. मी काय बोललो? "मला कारणं सांगायची सवय नाही!"

त्या दिवसापासून सुदामने माझ्या माठातलं पाणी पिणं सोडलं. लांबच्या नळावर जायचा. दोन वर्षं आम्ही एकाच भिंतीवर काम केलं, तो आतून, मी बाहेरून. भिंती ओळंब्यात होत्या. बाकी सगळं वाकडं!

* * *

मग भूकंप झाला. आमची टोळी औशाकडच्या गावांत पत्र्याचे शेड उभे करायला गेली. पडलेल्या भिंती आम्ही बांधलेल्या नव्हत्या. दगडमातीच्या, जुन्या, दोन दोन हात रुंद. तरी त्या ढिगाऱ्यापुढे गवंड्याला मान वर करवत नव्हती.

खायला ट्रक भरून येत होतं. आसपासच्या गावांनी भाकऱ्या धाडल्या, लांबच्यांनी पाकिटं. प्रत्येक भाकरीच्या घडीत कुणी तरी आठवणीने शेंगदाण्याची चटणी घातलेली. चिवड्यात शेंगदाणे, लाडू शेंगदाण्याचे, वर चिक्की. सगळा मुलूख मला मारायला निघाला होता, तोही मायेनं!

दोन दिवस केळ्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी एका पाकिटातली पुरी दिसायला कोरी वाटली. ती कोरी नव्हती. चटणीच्या शेजारी बसून आली होती.

डोळे उघडले तेव्हा मी दवाखान्याच्या तंबूत होतो. बाहेरगावच्या एका डॉक्टरीणबाईंनी मांडीत सुई मारली होती. श्वास मोकळा झाला तशी मला लाज वाटली. बाहेर माणसं काय गमावून बसली होती, आणि मी पुरी खाऊन आडवा!

म्हणालो, "बाई, माझ्यात वेळ घालवू नका. बाहेरच्यांना बघा."

त्या म्हणाल्या, "दादा, तीन दिवसांत माझ्यासमोर धडपणे उठून बसलेले तुम्ही पहिले आहात. गप्प बसा. मला जरा बघू द्या तुमच्याकडे."

मग त्यांनी नाव सांगितलं. अॅलर्जी. "आयुष्यभर राहील. पण सांभाळलंत तर आयुष्यही तेवढंच राहील."

तंबूच्या दाराशी सुदाम उभा होता. मला खांद्यावर टाकून त्यानेच आणलं होतं.

"शेंगदाण्याची?" तो म्हणाला. "मंजे... आमच्या हातचं चालतंय त्यास्नी?"

बाईंना काही कळेना. त्या म्हणाल्या, "हात धुतलेले असतील तर चालेल की."

सुदाम मटकन खाली बसला.

"दोन वर्षं फुकट तहानलेला राहिलो की ओ, मिस्त्री!"

* * *

त्यानंतर टोळीतली चटणी बदलली. मी सांगितलं नाही. पारूबाईने हुकूम काढला. पारूबाई आमच्याकडे माल कालवायची. वाळू-सिमेंटचं माप तिच्या हातात, आणि टोळीचा लगामही. "आजपासून कारळाची न्हाई तर जवसाची. शेंगदाणा ज्याला पाहिजे त्यानं घरी खाऊन यावं, आन् तोंड धुवून यावं!"

नांदेडच्या एका डॉक्टरांनी मला काचेतलं औषध आणि सिरिंज दिली. म्हणाले, "कायम जवळ ठेवा, उन्हात नको. बरोबरच्या माणसाला टोचता आलं पाहिजे. आणि टोचल्यावर थेट दवाखाना. बरं वाटलं म्हणून घरी जायचं नाही."

आता टोचणार कोण? मोठी वांगी आणली. सिरिंजमध्ये साधं पाणी भरलं. टोळी गोल बसली.

पहिला रफिक. उदगीरचा सेंट्रिंगवाला. तिसऱ्या मजल्यावर एका लाकडी बल्लीवरून विडी ओढत चालणारा माणूस! सुई हातात घेतली आणि लटलट कापायला लागला. "मेरे से नक्को, मिस्त्री. वरून उडी मारायला सांगा, मारतो."

दुसरा सुदाम. त्याने अशी टोचली की सुई वाकली. मी म्हणालो, "खिळा ठोकून राहिलास का?"

पारूबाई पुढं सरकली. "व्हा बाजूला. गावात चार बाळंतपणं केली या हातांनी. एका वांग्याला काय भ्यायचं!" टोचली. पाणी आत, सुई बाहेर. एक थेंब सांडला नाही.

मग तिने माझ्याकडे बघितलं. "वांगं गप बसलं. मिस्त्री गप बसतील का?"

सुदाम म्हणाला, "तवा त्यांचा गळा बंद असंल. पयल्यांदाच गप बसतील!"

सगळे हसले. मी हसलो नाही. म्हणजे त्यांच्यासमोर.

* * *

लोकांना वाटतं उपवास म्हणजे पोटाला आराम. माझ्यासाठी वर्षातला सगळ्यात धोक्याचा दिवस उपवासाचा! साबुदाण्यात कूट, भगरीबरोबर शेंगदाण्याची आमटी, वर शेंगदाण्याचा लाडू. जो भेटेल तो देवाचं म्हणून हातावर ठेवणार.

रफिकच्या आईला हे कळलं. तिला आम्ही सगळे अम्मीच म्हणायचो. तिने माझ्यासाठी एक पातेलं आणि एक तवा वेगळा काढला आणि खुंटीला टांगला. भांडी वेगळी ठेवायचा आपल्याकडचा अर्थ फार जुना आणि फार वाईट. अम्मीच्या खुंटीवर तीच रीत आशीर्वाद झाली. "ये मिस्त्री के बर्तन. कोई हात नको लगाओ!"

मग काय, उपवास आला की मी रफिककडे. डाळ-भात, करडीच्या तेलाची फोडणी.

एका महाशिवरात्रीला आमच्या साइटच्या मालकाने मला रफिकच्या दारातून बाहेर पडताना बघितलं. माणूस धार्मिक. कपाळाला आठ्या.

"काय मिस्त्री, आज महाशिवरात्र. आणि तुम्ही इथं जेवून निघालात?"

मी म्हणालो, "मालक, महादेवाला विष पचलं. मला शेंगदाणा पचत नाही!"

* * *

पुढं कोचिंगचे दिवस आले. लातुरात जिकडं बघाल तिकडं होस्टेल. आज पाया, उद्या पाटी! आमच्या टोळीला दम खायला फुरसत नव्हती.

स्लॅबचा दिवस म्हणजे आमचा सण. एकदा काँक्रीट पडायला लागलं की थांबता येत नाही, म्हणून मालक सगळ्यांना साइटवरच खाऊ घालतो. एका होस्टेलच्या मालकीणबाई उषाताई. स्वभावाने गाय. त्यांनी सगळ्यांना पोहे दिले आणि माझी प्लेट झाकून वेगळी आणली.

"मिस्त्री, तुमच्या प्लेटमधले शेंगदाणे मी वेचून काढलेत. चष्मा लावून. एकूण एक!"

किती आनंदाने सांगत होत्या! मला गोड बोलता येत नाही. मी जवळचं घमेलं दाखवलं.

"ताई, यात काय आहे?"

"काँक्रीट."

"यातली खडी वेचून काढली तर सिमेंट मागे राहील का नाही?"

त्यांनी घमेल्याकडे बघितलं. मग प्लेटकडे. प्लेट उचलली आणि निघून गेल्या. सुदाम म्हणाला, "जरा हळू बोलायचं होतं, मिस्त्री. बाई रडंल आता." मलाही तसंच वाटलं, पण बोलून झालं होतं.

तासाभराने ताई परत आल्या. घामाने डबडबलेल्या. हातात कढई, तिच्यावर दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं.

"कढई नवी, तेल नवं, उलथनं नवं. यात काही म्हणजे काही घातलेलं नाही. चवसुद्धा नाही, असं आमचे हे म्हणतात!"

मी दोन प्लेटी खाल्ल्या.

* * *

त्याच होस्टेलचा तळमजला कोचिंगच्या एका सरांनी भाड्याने घेतला. बायोलॉजी शिकवायचे. फरशी बसवताना येऊन उभे राहायचे आणि आम्हालाच शिकवायचे. माझी गोष्ट त्यांच्या कानावर गेली.

"मिस्त्री, काजू चालतो?"

"चालतो."

"बदाम?"

"चालतो."

सरांना हर्ष झाला. खिशातून खडू काढला आणि माझ्या नव्या फरशीवर आकृती काढायला लागले! शेंगदाणा हा सुकामेवा नव्हेच, तो वाटाण्याच्या, हरभऱ्याच्या घराण्यातला, जमिनीखाली लागतो, त्याचं फूल असं, मूळ तसं. पंधरा मिनिटं झाली. माल सुकायला लागला.

पारूबाई घमेलं घेऊन उभी होती. म्हणाली, "सर, मिस्त्रीचा गळा धरताना शेंगदाणा सांगतो व्हय, मी कोणत्या बॅचचा हाय म्हणून?"

सरांनी खडू खिशात ठेवला. जाताना ती आकृती स्वतः पुसून गेले.

* * *

आता रेखाची गोष्ट. रेखा माझी एकुलती मुलगी.

देगलूरचं स्थळ आलं. मुलगा लातूरला येऊन तिला बघून गेला, दोघं बोलले, पसंती झाली. आता रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांचं घर बघायला जायचं आणि जेवायचं. मुलीचा बाप त्या घरी जेवला नाही, तर सोयरीक नाकारली असाच त्याचा अर्थ.

निघताना रेखा म्हणाली, "बाबा, मला मुलगा आवडलाय. तिथं तोंड वाकडं करू नका."

"माझं तोंड असंच आहे."

"मग निदान बोला तरी!"

जीपमध्ये मी, बायको गोदावरी, सुदाम आणि पारूबाई. मामा-मावशी म्हणून ते दोघं. वाटेत लागलं तर असावं म्हणून गोदाने नेहमीप्रमाणे माझ्या भाकऱ्या आणि झुणका फडक्यात बांधला होता. जेवणात शेंगदाणा नको, असा निरोप मध्यस्थाकडे आधीच दिला होता. घराण्याचा भुसाराचा व्यापार आहे, एवढं त्याने आम्हाला सांगितलं होतं.

कोणतं भुसार, ते सांगितलं नव्हतं.

गल्लीत वळलो आणि मी सुदामला जीप थांबवायला लावली. समोर मोठं अंगण. अंगणभर शेंगांची पोती. शेंगा फोडायची मशीन धडधडत होती आणि फोलपटं वाऱ्यावर उडत होती. एवढ्या लांबूनही माझे डोळे चुरचुरायला लागले.

मुलाचे वडील नागनाथराव पाण्याचा तांब्या घेऊन दारात आले. पांढरेशुभ्र कपडे, खांद्यावर उपरणं.

"या, या पाव्हणे! पाय धुवा."

मी रस्त्यावरच उभा.

"आत या की."

"येता येत नाही."

"कामून? तुमाला शेंगदाणा आवडत न्हाई म्हणून निरोप आला. आमी भाजीत एक दाणा टाकला न्हाई. आन् तुमी दारात पाय ठिवायला तयार न्हाई?" त्यांचा आवाज चढला. "घर लहान वाटलं का आमचं?"

सुदामने तोंड उघडलं. मी त्याचा दंड दाबला. आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण मी देगलूरच्या त्या गल्लीत केलं.

"घर पसंत आहे. माणसं पसंत आहेत. माझ्या मुलीला तुमचा मुलगा पसंत आहे. पण शेंगदाणा मला आवडत नाही असं नाही, तो मला मारतो. तुमच्या अंगणातला वारासुद्धा मला सोसत नाही. मला तुमचा अपमान करायचा नाही. मला तुमच्याबरोबर जेवायचंय, आणि कसं जेवावं ते मला कळत नाही."

नागनाथरावांनी माझ्याकडे बघितलं. मग पोत्यांकडे बघितलं. तांब्या तिथंच ठेवून आत गेले. मशीन बंद झाली. दार बंद झालं.

आम्ही वारा चुकवून गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली बसलो. जायचं की थांबायचं, कुणालाच कळेना. आतून बादल्यांचा आवाज येत होता, पाणी ओतल्याचा, कुणी तरी कुणावर तरी ओरडल्याचा.

पारूबाई म्हणाली, "भांडी घासून राहिले जणू. सोयरीक आवरली म्हणायची."

गोदाने पदर डोळ्यांना लावला. सुदाम म्हणाला, "बोललात ते बरं केलंत, मिस्त्री. पुढं रेखाचं नशीब." मी त्यांच्या कुंपणाची भिंत बघत बसलो. ओळंब्यात नव्हती. पण ते सांगायचा दिवस नव्हता.

अर्धा-पाऊण तास गेला. दार उघडलं.

पुढं नागनाथराव. साधं धुतलेलं धोतर, कानाच्या पाळीवरून पाणी गळतंय. मागे त्यांची बायको, म्हातारी आई, मुलगा, धाकटा भाऊ, दोन मुली. सात माणसं, भर दुपारी, सगळ्यांचे केस ओले. म्हातारीच्या डोक्याला तर टॉवेल गुंडाळलेला. सगळे चालत आले आणि आमच्यासमोर मातीत ओळीने बसले. कुणाच्याही हातात काही नव्हतं.

"साबण लावून अंघोळ्या केल्या," नागनाथराव म्हणाले. "कपडे पेटीतले हायत. घरातलं खायचं काही आणलं न्हाई. वहिनी, तुमच्या फडक्यात भाकरी किती हायत?"

गोदाने फडकं सोडलं. तिने भाकऱ्या मोजल्या. "सहा."

"आमी सात, तुमी चार. अर्धी अर्धी बास झाली."

त्यांनी वरची भाकरी उचलून मोडली. अर्धी माझ्या हातात दिली. उरलेल्या अर्धीवर झुणका घेतला, घास तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावला. आम्ही दहाही जण त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"पाव्हणे," ते म्हणाले, "झुणका झकास. मीठ जरा कमी पडलंय!"